फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर पुढची ट्रीटमेंट कशी करायची

गाठ काढली म्हणजे झालं असं समजून बरेच लोक गावी येतात अन् कापूस वेचणी झाली की पाहू म्हणतात, तसं नका करू बाप्पा. ऑपरेशनमधी दिसणारा आजार निघते, पण बारीक पेशी कुठं राहिल्या असतील तर त्याच्यासाठी पुढचं औषध असते, अन् किमो द्यायची असली तर जखम भरली की साधारण 6 ते 8 आठवड्यांत सुरू करतात.

टाके काढायले जाल तेव्हा पॅथॉलॉजीचा फायनल रिपोर्ट मागा अन् तिथंच विचारा, स्टेज कोणती, लिम्फ नोडमधी (लसिका ग्रंथीमधी) आजार आहे का, कापलेली कड साफ आहे का, म्हणजे कडेले कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, अन् कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या गाठीच्या ईजीएफआर, एएलके, पीडीएल-वन टेस्ट केल्या का. हे शेवटचं विसरूच नका. ईजीएफआरचा ठरावीक बदल सापडला तर ओसिमर्टिनिबची गोळी रोज 3 वर्षं देतात, एएलके असला तर अलेक्टिनिब 2 वर्षं, अन् बिडी-सिगरेट न ओढलेल्या लोकायमधी हे बदल जास्त सापडतात, म्हणून "आमच्या बाईनं कधी बिडी नाही ओढली" म्हणून टेस्ट सोडू नका. ऑपरेशन नागपूरले अन् पुढचं औषध सेवाग्रामले घेणार असाल तर लॅबमधून गाठीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत न्या, टेस्ट त्याच्यावरच होते.

पहिल्या स्टेजची लहान गाठ असली तर बहुतेक वेळा नुसत्या तपासणीवर ठेवतात. गाठ 4 सेंटीमीटरच्या वर असली किंवा नोडमधी गेली असली तर किमो, सहसा सिस्प्लॅटिनवाली, दर 3 आठवड्यांनी असे 4 डोस. कड साफ नसली तर शेकाचा (रेडिएशनचा) विचार होते.

किमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा, गाडीवाल्याले आधीच सांगून ठेवा. पांढऱ्या पेशी कमी असल्या की साधं इन्फेक्शनही जिवावर येते. सिस्प्लॅटिन किडनीवर जाते, त्यात आपला उन्हाळा, म्हणून डॉक्टरनं सांगितलं तेवढं पाणी प्यायचंच, विहिरीचं असलं तर उकळून. उलट्यानं पाणी पोटात टिकत नसलं तर लगेच फोन करा. खर्रा, बिडी पूर्ण बंद.

पैशासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले महात्मा फुले योजनेचं विचारा, रेशन कार्ड अन् आधार सोबत ठेवा, अन् गोळी योजनेत बसते का हे सुरू करायच्या आधीच विचारून घ्या.