येगर ओळखताना शेपटी शेवटी पाहावी

येगर हे समुद्रपक्षी आर्क्टिकच्या टुंड्रात घरटी करतात आणि वर्षाचा उरलेला काळ भर समुद्रावर काढतात. त्यामुळे बहुतेक निरीक्षकांना ते स्थलांतराच्या वाटेवर, किनाऱ्यापासून दूर आणि जेमतेम अर्धा मिनिट दिसतात. त्यांच्या पोमराइन, पॅरासिटिक आणि लाँग-टेल्ड अशा तीन जाती आहेत. ब्रिटनमध्ये यांनाच स्कुआ म्हणतात, हे पुस्तके चाळताना ध्यानात असू द्यावे.

उत्तर गोलार्धात ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने सर्वांत सोयीचे असतात. समुद्रात पुढे घुसलेले भूशिर निवडावे आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे जोरात वाहत असेल तो दिवस साधावा, कारण अशा वाऱ्याने पक्षी किनाऱ्याच्या जवळ ढकलले जातात. 8 किंवा 10 पटींची दुर्बीण शोधासाठी पुरते. बारकावे पाहण्यासाठी मात्र तिवईवर बसवलेला 20 ते 30 पटींचा टेलिस्कोप हवा.

रिकाम्या क्षितिजावर येगर शोधत बसण्यापेक्षा सुरय (टर्न) या मासेखाऊ पाणपक्ष्यांच्या थव्यावर नजर ठेवावी, असे माझे मत आहे. शांतपणे मासे टिपणारा थवा एकाएकी कलकलाट करत उधळला आणि त्यातला एक सुरय वेडीवाकडी वळणे घेत सुटला, की त्याच्या मागे पाहावे. ससाण्यासारखा टोकदार पंखांचा एक गडद पक्षी त्याच्या प्रत्येक वळणाला वळण देत असतो, आणि अखेर जेरीस आलेल्या सुरयने मासा टाकला की तो पाण्याला लागण्याआधीच झेलतो. अशी चपळ, चिवट लूट ही पॅरासिटिकची खासियत आहे. पोमराइन मोठ्या कुरवांच्याही (गल पक्ष्यांच्याही) मागे लागतो. लाँग-टेल्ड या वाटमारीत तुलनेने कमी पडतो.

जात ठरवताना आधी अंगलट आणि उडण्याची ढब पाहावी. पोमराइन साधारण 700 ग्रॅमचा, पिंपासारख्या छातीचा, रुंद पंखांचा आणि संथ, दमदार फडफडीचा असतो. लाँग-टेल्ड सुमारे 300 ग्रॅमचा, सडपातळ आणि सुरयसारखा हलका उडणारा असतो. पॅरासिटिक या दोहोंच्या मधला असल्यामुळे खरी अडचण त्याचीच होते, कारण त्याला दोन्हींकडून तोलून पाहावे लागते. त्यानंतर पंखांकडे वळावे: वरून पाहता लाँग-टेल्डच्या पंखटोकाकडील फक्त दोन-तीन पिसांचे दांडे पांढरे दिसतात, तर इतर दोघांत ही पांढरी झाक अधिक पिसांवर पसरलेली असते.

रंगावर फारसे विसंबू नये. काळी टोपी आणि फिकट पोट असलेले पक्षी तिन्ही जातींत आढळतात, आणि पोमराइन व पॅरासिटिकमध्ये संपूर्ण गडद तपकिरी पक्षीही असतात. लाँग-टेल्डचा प्रौढ गडद पक्षी मात्र अतिशय दुर्मीळ आहे.

विणीच्या पिसाऱ्यातील प्रौढांच्या शेपटीची मधली पिसे निर्णायक ठरतात: पोमराइनची बोथट, पिळलेली आणि चमच्यासारखी, पॅरासिटिकची आखूड व टोकदार, लाँग-टेल्डची बारीक, लवलवती आणि अनेकदा 15 सेंटीमीटरहून पुढे आलेली. परंतु ही पिसे तुटतात, झडतात आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांत ठळक नसतातच, म्हणून ती पुरावा म्हणून शेवटी घ्यावीत.

पहिल्या वर्षाचे पक्षी अनुभवी माणसालाही फसवतात. ढोबळमानाने पॅरासिटिकमध्ये उबदार, तांबूस छटा असते, लाँग-टेल्डमध्ये थंड राखाडी. पोमराइनच्या जाड चोचीचे फिकट बूड आणि गडद टोक दुरूनही वेगळे उठून दिसते. एवढे पाहूनही खात्री झाली नाही, तर वहीत ‘येगर, जात अनिश्चित’ असेच लिहावे. ओढूनताणून चिकटवलेल्या नावापेक्षा ती नोंद अधिक उपयोगाची असते. पक्षी नजरेआड होताच, पुस्तक उघडण्याआधी, वेळ, वाऱ्याची दिशा, जवळच्या कुरवाच्या तुलनेत आकार आणि पंखांवर दिसलेला पांढरा भाग टिपावा व ओबडधोबड का होईना, एक रेखाटन करून ठेवावे.