दुचाकी वेळेत थांबवायची तर पुढचा ब्रेक वापरायला शिका

पुढचा ब्रेक मारला की गाडी पलटी होते, असं गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. म्हणून इंदूरमध्ये सुदामा नगरपासून विजयनगरपर्यंत रोज स्कूटर चालवणारे कित्येक जण उजव्या लिव्हरला बोटही लावत नाहीत. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मीटरमध्ये मोजता येते.

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो. पुढचे शॉकअप दबतात आणि पुढचा टायर रस्त्याला घट्ट धरतो. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं, त्यामुळे ते लवकर जाम होऊन घसरतं. गाडी थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या चाकात आहे ती यामुळेच.

आता हिशेब. ताशी 40 किमी वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, 60 ला जवळजवळ 17. समोर काही आलेलं दिसण्यापासून बोटांनी लिव्हर दाबेपर्यंत सावध माणसालाही एक सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात ब्रेक लागलेलाच नसतो. त्यापुढे कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर 40 वरून थांबायला साधारण 10 मीटर लागतात, 60 वरून 23. म्हणजे एकूण 21 आणि 40 मीटर. वेग दीडपट झाला, पण ब्रेकचं अंतर सव्वादोन पट.

फक्त मागचा ब्रेक लावला तर ब्रेकचं अंतर साधारण दुप्पट धरा: 60 वरून 46 मीटर. दोन्ही ब्रेक लावणारा ज्या जागी पूर्ण थांबला, तिथे फक्त मागचा लावणारा अजून ताशी 42 किमीने जात असतो. समोरच्या ट्रॉलीवर आदळायला तेवढा वेग पुरे आहे.

सराव रिकाम्या, कोरड्या, सपाट जागेत करा. वाळू-खडी नको. हेल्मेट, बूट घाला आणि मागे कुणाला बसवू नका. जमिनीवर खडूने रेघ ओढा. 20 च्या वेगात या आणि रेघेवर रेस सोडून दोन्ही ब्रेक लावा. आधी लिव्हर हलकी दाबा, शॉकअप खाली बसल्याचं जाणवेल. मग लिंबू पिळावं तसा जोर वाढवत न्या. हे दोन टप्पे अर्ध्या सेकंदात होतात, पण क्रम चुकवायचा नाही. भार पुढे येण्याआधीच लिव्हर झटक्यात ओढली की पुढचं चाक जाम होतं, आणि पुढच्या ब्रेकची बदनामी होते ती या झटक्यामुळे. नजर समोर लांब, हँडल सरळ, कोपर सैल. मोटारसायकलवर गुडघ्यांनी टाकी धरा आणि क्लच अगदी शेवटी दाबा. आधीच दाबला तर इंजिनची मदत जाते. थांबलात की रेघेपासूनचं अंतर पावलांनी मोजा. ते स्थिर झाल्यावरच 30, मग 40.

पुढचं चाक घसरतंय असं वाटलं तर लिव्हर लगेच सैल करा आणि पुन्हा हळू दाबा. मागचं चाक घसरून गाडी तिरकी झाली असेल तर मात्र ब्रेक एकदम सोडू नका. चाकाला अचानक पकड मिळून गाडी दुसऱ्या बाजूला उडवते. वळणात जोरात ब्रेक नकोच, वेग वळणाआधी कमी करा.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), तर 125 पर्यंतच्यांना किमान सीबीएस (एकाच ब्रेकने दोन्ही चाकं आवरणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एबीएस असेल तर लिव्हर थरथरली तरी दाबूनच ठेवा, पंप करू नका. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर चालतं. मागचं जाम होऊ शकतं. सीबीएसमध्ये स्कूटरच्या डाव्या लिव्हरने (मोटारसायकलवर पायाच्या ब्रेकने) पुढचा ब्रेकही थोडा लागतो, पण तो थोडाच. पूर्ण ताकदीसाठी उजवी लिव्हर दाबावीच लागते.

पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चार सेकंद. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा घसरण सर्वांत जास्त. देपालपूर, सांवेरकडच्या रस्त्यांवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती येते. ती ओली असेल तर कोणताही ब्रेक फारसा चालत नाही, वेग आधीच उतरवा. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) राजवाड्याभोवतीच्या ओल्या गुलालावरही तेच.

ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरायचा असेल तर मोटारसायकल दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ड्रम तापतो आणि लिव्हर दाबूनही गाडी आवरत नाही. स्कूटरला इंजिनचा अडसर कमीच, आणि वेग फार उतरला की आतला क्लच आपोआप सुटून तोही जातो. दोन्ही ब्रेक थोडे लावा, थोडे सोडा. ब्रेक ढिले वाटले तर सुरक्षित जागी थांबून थंड होऊ द्या.

डबलसीट असताना मागच्या चाकावर भार वाढतो, तेव्हा मागचा ब्रेक जास्त उपयोगी पडतो. मागच्या टायरची हवाही वाढवा; आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो.

बाकी देखभालीचं. ड्रम ब्रेकच्या आर्मवरचा बाण पॅनेलवरच्या खुणेशी पोचला की शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) बदला, नट आवळून दिवस काढू नका. मिस्त्रीने नट आवळल्यावर गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवून बघा. अडत असेल तर ब्रेक चिकटतोय, तो तापेल. डिस्कच्या पॅडवरची खाच पुसट झाली की पॅड बदला. लिव्हर स्पंजासारखी लागत असेल तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा ऑइल जुनं झालंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं: ताजं डॉट 4 किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. डॉट 3 की 4 ते ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. चेनला स्प्रे मारताना किंवा गाडी पॉलिश करताना डिस्क कापडाने झाका. नवे पॅड बसवल्यावर पहिले 100-200 किमी जरा लांबूनच ब्रेक लावा, तोवर ते पूर्ण पकड घेत नाहीत.