२१०० ग्रॅम, पण किती आठवड्यांचं?

नर्सिंग संपवून ग्रामीण रुग्णालयात किंवा एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) नव्याने रुजू झालेल्या मुलींच्या हाती आधी वजनकाटा येतो. बाळ ठेवायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरला चढवायचा. यात शिकण्यासारखं काय, असं वाटतं. लातूर-धाराशिव भागात प्रसूती कक्ष आणि नवजात कक्ष दोन्हीकडे काम केल्यावर मी नव्या मुलींना पहिल्यांदा हेच शिकवते, कारण पुढचे बरेच निर्णय याच आकड्यावर होतात.

एकाच रात्री दोन बाळं आली, दोघांचं वजन २१०० ग्रॅम, असं समजा. अडीच किलोच्या आत म्हणून दोघांच्याही केसपेपरवर ‘कमी वजनाचं बाळ’ असं लिहिलं जाईल. पण एक गरोदरपणाच्या ३४ आठवड्यांचं आहे. त्याचं वजन त्याच्या दिवसांच्या मानाने ठीक आहे, फक्त ते लवकर आलंय. ते दूध ओढताना दमेल, श्वासाकडे लक्ष ठेवावं लागेल. दुसरं ३९ आठवड्यांचं, म्हणजे पूर्ण दिवसांचं. वाढीच्या तक्त्यावर ते तिसऱ्या सेंटाइलच्याही खाली आहे, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत वजनाने सगळ्यात तळाच्या तिघांत. पोटात असतानाच त्याची वाढ खुंटलेली. हे लेकरू दिसायला हुशार दिसतं, टकामका बघतं, ओठ चाटतं, आणि म्हणूनच फसवतं. त्याच्या अंगात साठाच नसतो, साखर पटकन उतरते, अंग गार पडतं. पहिल्या तासात अंगावर पाजणं आणि ठरलेल्या वेळेला साखर तपासणं या बाळाला चुकवून चालत नाही. आठवड्यांच्या मानाने दहाव्या सेंटाइलच्या खाली असलेल्या बाळाला एसजीए (दिवसांच्या मानाने लहान) म्हणतात, आणि आठवडे माहीत नसतील तर ते ओळखता येत नाही.

आपल्याकडे खरी अडचण या आठवड्यांचीच. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर प्रश्न मिटला, तीच तारीख धरा. पण दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि पाडव्याच्या सुमाराला परतलेली बाई पहिल्यांदा तपासायला येते तेव्हा सातवा लागलेला असतो. उशिराच्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. अशा वेळी “शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?” असं विचारलं की ती सासूकडे बघते. तारीख विचारूच नका, सण विचारा. “महालक्ष्म्या बसल्या तेव्हा बाहेर होतीस का?” “न्हाय, पोळ्यालाच डोक्यावरून पाणी घेतलं होतं.” झालं, आठवड्याभराच्या फरकाने तारीख हातात आली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दिवस गाठायचा आणि तिथून आठवडे मोजायचे. लातूर-धाराशिवकडच्या बाईला येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण, हमखास आठवते, कारण त्या दिवशी शेतात जाता आलं की घरी बसावं लागलं, हे ती विसरत नाही. येळवसेला पाळी आलेली असेल तर २८० दिवस कोजागिरीच्या आसपास भरतात. मध्ये अधिक महिना आला असेल तर कोजागिरी महिनाभर पुढे सरकते, म्हणून सणावरून सण न मोजता इंग्रजी तारखेवर या.

पाळीचाही पत्ता लागला नाही तर बाळालाच विचारायचं. बाळाच्या खुणांवरून आठवडे काढायच्या न्यू बॅलार्ड स्कोअरमध्ये सहा खुणा अंगाच्या आणि सहा स्नायूंच्या ठेवणीच्या असतात. सगळा स्कोअर डॉक्टरांबरोबर बसून शिका. पण तळपाय, कान आणि छाती या तीन जागा पहिल्या दिवसापासून बघत जा. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तळव्यावर टाचेपर्यंत सुरकुत्या असतात, लवकर आलेल्याचा तळवा गुळगुळीत असतो. कानाची पाळी दुमडून सोडली की भरलेल्या दिवसांच्या बाळात ती लगेच उभी राहते, कच्च्या बाळात मऊ पडून राहते. स्तनाची गाठ बोटाला लागते का, तेही बघा.

आता काटा. बाळ उघडं, काट्यावर पातळ कापड, आणि कापड ठेवून मग शून्य. वाळे, मनगट्या, करदोटा निघत असेल तर काढा. पंखा बंद. रोज सकाळी किलोचं माप ठेवून काटा तपासा. लाइट जाऊन आल्यावर पुन्हा. जन्मानंतर तासाभरात पहिलं वजन झालं पाहिजे, पण बाळ रडलं नसेल, श्वास नीट नसेल तर काटा थांबेल, तो नंतर.

आणि जे दिसेल तेच लिहा. कोणतंही जुनं रजिस्टर उघडून बघा, २.५ च्या रांगाच्या रांगा दिसतील. २.४३ चं २.५ करण्यात वाईट हेतू नसतो, सवय असते. कधी ‘कमी वजन’ लिहिलं की फॉर्म वाढतात हेही असतं. पण तेवढ्या ७० ग्रॅमांनी ते बाळ जोखमीच्या यादीतून निघून जातं, आणि पुढच्या भेटीत वजन वाढलं की घटलं हे कुणालाच सांगता येत नाही. मला विचाराल तर नवीन माणसाची पारख इथेच होते.

वजन सांगायचीही रीत आहे. आजी जवळ येऊन म्हणते, “सिस्टर, आकडा मोठ्यानं नका बोलू, दृष्ट लागती.” वाद घालू नका. कार्डावर लिहा, आईला हळू आवाजात सांगा. तसंही तो आकडा सगळ्या वॉर्डाला कळायची गरज नसते.

लांबीला दोन माणसं लागतात, एकटीने मोजलेली लांबी धरू नका. एकीने डोकं फळीला टेकवायचं, दुसरीने गुडघे सरळ करून पाऊल काटकोनात धरायचं. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून, तीनदा घेऊन सगळ्यात मोठा आकडा. कठीण बाळंतपणात डोकं लांबटलेलं, सुजलेलं असतं, तेव्हा एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजा.

“आपल्याकडची लेकरं बारकीच असतात” हे नातेवाईक म्हणतात तसं आपले लोकही म्हणतात. त्यात अर्धं खरं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने बाळं मोजली तेव्हा सरासरी वजन २.७ किलो आलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला ३.५. पण आपली बाळं हडकुळी असूनही चरबी त्या मानाने टिकवून होती, आणि पुढे मधुमेहाचा धोका का वाढतो याचा एक धागा तिथे सापडला. उरलेलं अर्धं नागपूरने खोडलंय. बाळांच्या वाढीच्या इंटरग्रोथ-२१ या अभ्यासासाठी जगातली आठ ठिकाणं निवडली होती, त्यात नागपूर होतं. जिथे आया निरोगी आणि पोटभर खाणाऱ्या, तिथे बाळांची वाढ सगळीकडे जवळपास सारखी निघाली. तेव्हा ‘एवढंच असतं’ म्हणून कार्ड मिटवू नका. आईचं हिमोग्लोबिन, बीपी, तिचं शेवटच्या महिन्यांतलं काम बघा.

घरी गेल्यावरची घालमेल तिसऱ्या दिवशी सुरू होते. आशाताई पहिल्या भेटीला जाते, झोळीत वजन करते आणि २८०० चं २६०० भरतं. घरात हलकल्लोळ. दूध पुरत नाही, म्हशीचं द्या, पावडर आणा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं, हे डिस्चार्जच्या वेळी आईला आणि घरातल्या जुन्या बाईला, दोघींना सांगा. पुढे दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ आणि दिवसातून सहा वेळा तरी शी नव्हे, शू, एवढं झालं तर दूध पुरतंय. लवकर आलेल्या बाळाच्या वजनाचा उतार थोडा जास्त असतो, आणि त्याचं वय तक्त्यावर मांडताना जितके आठवडे लवकर आलं तेवढे वजा करायचे.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. पण पहिलटकरीण माहेरी असते, सव्वा महिन्यानंतर सासरी जाते, आणि हंगाम असेल तर तिथून थेट फडात. वजनं आपल्या रजिस्टरला राहिली तर पुढच्या माणसाच्या काही कामाची नाहीत. सगळी माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा, तारखेसकट, आणि आठवडेही लिहा. कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून घ्यायला लावा. दोन्ही गावच्या आशाताईंना फोन करा. बाळ ओढायचं थांबलं, तळपाय गार लागले, किंवा १४ व्या दिवशीही जन्माचं वजन भरलं नाही, तर बाळ कोणत्याही गावात असो, जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी न्यायला सांगा.