सिग्मा अल्फा: अमेरिकेत कृषी शिकणाऱ्या मुलींनी सोरॉरिटीत जावं कसं आणि तिथे काम करावं कसं

अमेरिकी विद्यापीठाच्या कृषी शाखेत सत्र सुरू झालं की विद्यार्थी संघटनांची टेबलं लागतात. त्यांत हिरव्या-पिवळ्या रंगांचं टेबल दिसलं तर ते बहुधा सिग्मा अल्फाचं. पाचूचा हिरवा आणि मक्याचा पिवळा हे तिचे रंग. १९७८ साली ओहायो स्टेट विद्यापीठात पाच विद्यार्थिनींनी ही सोरॉरिटी, म्हणजे मुलींची विद्यार्थी संघटना, काढली. कृषी शाखेतल्या मुलांची अल्फा गामा ऱ्हो ही फ्रॅटर्निटी १९०८ पासूनची. शाळकरी मुलांच्या एफएफए या शेती संघटनेनंही मुलींना देशपातळीवर प्रवेश दिला तो १९६९ साली. मुलींना आपली जागा किती उशिरा मिळाली, ते या आकड्यांवरून कळतं.

ही ‘प्रोफेशनल’ सोरॉरिटी आहे. नेहमीच्या सोशल सोरॉरिटीत एकत्र राहणं आणि समारंभ यांवर भर असतो. इथे अभ्यास, नेतृत्व, सेवा आणि मैत्र या चार गोष्टींवर कामं वाटलेली असतात आणि राहायचं घर सहसा नसतं. सीरीस नावाची आणखी एक संघटना कृषी पार्श्वभूमीच्या मुलींसाठी आहे. ती वेगळी आहे, अर्ज करताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

टेबलापासून बिडपर्यंत

भरतीला पूर्वी ‘रश’ म्हणत, आता ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. ओळखीचे एक-दोन कार्यक्रम, अर्ज, मुलाखत आणि मग ‘बिड’, म्हणजे सदस्यत्वाचं निमंत्रण, असा साधारण क्रम असतो. बिडला मुदत असते. उत्तर वेळेत गेलं नाही तर जागा जाते. किमान जीपीए (ग्रेडची सरासरी), किती क्रेडिट झालेले हवेत, कृषीबाहेरच्या विषयाची मुलगी चालते का, हे त्या त्या चॅप्टरला, म्हणजे विद्यापीठातल्या शाखेला, विचारून घ्या.

अर्जासोबत एक पानी रेझ्युमे द्या. आपल्याकडच्या बायोडेटाची सवय इथे नडते. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात-धर्म, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही लिहायचं नाही. टक्क्यांचा जीपीए मनानं काढू नका, टक्के आहेत तसे लिहा.

गप्पांमध्ये बहुतेकींच्या बोलण्यात एफएफएची निळी कॉर्डुरॉय जॅकेटं आणि फोर-एच या मुलामुलींच्या संघटनेचे जनावरांचे शो येतात. तुमच्याकडे ते नसलं म्हणून गप्प बसू नका. घरची शेती असेल तर तिच्याबद्दल नेमकं बोला, फक्त मापं त्यांची वापरा. सोयाबीनचा बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७.२ किलोंचा. मक्याचा ५६ पौंडांचा, म्हणजे २५.४ किलोंचा. त्यामुळे एकरी १० क्विंटल सोयाबीन म्हणजे सुमारे ३७ बुशेल आणि तेवढाच मका म्हणजे सुमारे ३९. दूध तिथे पौंडात मोजतात, २० लिटर म्हणजे साधारण ४५ पौंड. कापसाचं मात्र जपून सांगा. आपण सरकीसकट कापसाचे क्विंटल सांगतो, ते रुईचे पौंड सांगतात आणि कापसात रुई साधारण एक तृतीयांश असते. हा फरक न सांगता आकडा दिलात तर तुमचं उत्पन्न तिप्पट वाटेल आणि पुढच्या प्रश्नाला अडखळाल.

हो म्हणण्याआधी पैशांचा हिशेब लेखी मागा. एकदाच भरायचं शुल्क किती, दर सत्राचे ड्यूज (वर्गणी) किती, बॅज आणि कपडे वेगळे का, अधिवेशनाचा प्रवासखर्च कोणाचा, हप्ते चालतात का, मध्येच सोडलं तर काय परत मिळतं? हे विचारण्यात संकोच नको. चांगली खजिनदार ही माहिती कागदावर तयार ठेवते.

नव्या सदस्यांचा शिकण्याचा काळ काही आठवड्यांचा असतो. त्यात प्रत्येकीला एक ‘बिग’ मिळते, आपल्या भाषेत ताईच. या काळात कोणी दारू प्यायला लावलं, झोपू दिलं नाही, अपमान केला किंवा खासगी कामं करून घेतली, तर ते हेझिंग आहे. ‘परंपरा आहे’ म्हणून ते सोसायचं नाही, विद्यापीठाकडे तक्रार करायची. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानं विद्यापीठांना हेझिंगच्या प्रकरणांचा अहवाल जाहीर करावा लागतो. बिड घेण्याआधी तो शोधून वाचा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. पदवीच्या विद्यार्थिनीला सत्रात साधारण १२ क्रेडिट ठेवावेच लागतात, सोरॉरिटीच्या कामापायी विषय सोडून चालत नाही. बिनपगारी सेवाकार्य चालतं. पण खासगी फार्मवरचं जे काम एरवी पगार देऊन करून घेतात, ते फुकट केलं म्हणून सेवा ठरत नाही. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) मंजुरी लागते आणि ती कामाच्या पहिल्या दिवसाआधी हातात हवी. शंका आली तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका.

सभेत बोलणं

चॅप्टरच्या सभा बहुधा रॉबर्ट्स रूल्स या सभानियमांच्या पुस्तकानुसार चालतात. एफएफएत वाढलेल्या मुलींना हे तोंडपाठ असतं, आपल्याला शिकावं लागतं. एका बैठकीत शिकून होतं. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे का ते पाहा. अध्यक्षांनी नाव घेतलं की ‘आय मूव्ह दॅट…’ म्हणून पूर्ण ठराव एका वाक्यात मांडा, रक्कम आणि तारखेसकट. दुसरी कोणी ‘सेकंड’ म्हणून अनुमोदन देते, अध्यक्ष ठराव पुन्हा वाचतात, मग चर्चा आणि मतदान. सगळ्यात जास्त वेळ जातो तो ठरावच न मांडता चर्चा सुरू केल्यानं. मागून कोणी ‘क्वेश्चन!’ ओरडलं म्हणून चर्चा थांबत नाही. ती थांबवायला रीतसर ठराव आणि दोन तृतीयांश मतं लागतात. आणि ‘टेबल’ या शब्दाला जपा. आपल्याकडे विधेयक टेबल केलं म्हणजे सभागृहापुढे मांडलं. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं, अगदी उलट.

शाळेतला तास

सेवाकार्यात सगळ्यात मोलाचं काम म्हणजे शाळेत जाऊन शेती शिकवणं. अमेरिकी कृषी खात्याचा ‘ॲग्रिकल्चर इन द क्लासरूम’ हा उपक्रम १९८१ पासून चालू आहे. नव्या सदस्यांनी ४० मिनिटांचा बीज-अंकुरणाचा तास घ्यावा. खर्च कमी, आणि मुलांना ‘आपण काहीतरी पेरलं’ हे नंतर हातात धरून घरी नेता येतं.

२५ मुलांसाठी २५ झिपच्या पिशव्या, २५ कागदी टॉवेल आणि घेवड्याचं ७० बी घ्या: प्रत्येकी दोन, वीस राखीव. टॉवेलची घडी करून भिजवायची आणि थेंब पडायचा थांबेपर्यंत पिळायची. बी घडीच्या आणि पिशवीच्या मध्ये, बाहेरून दिसेल असं ठेवायचं. झिप बोटभर उघडी ठेवायची. पिशवी खोलीतच, २० ते २५ अंशांत, उन्हाच्या थेट झोताबाहेर चिकटवायची. तीन ते पाच दिवसांत मूळ दिसतं.

बी कुजलं तर बहुतेक वेळा टॉवेल नीट पिळलेला नसतो. पाणी साचलं की बियाला हवा मिळत नाही. काचेला टेकवून उन्हात लावलेली पिशवी आतून तापते आणि कोंब मरतो. टॉवेल वाळला तर वाढ थांबते, म्हणून शिक्षिकेकडे ड्रॉपर देऊन ठेवा. मुलांना पाच दिवस थांबवत नाही. त्यासाठी सात, पाच, तीन आणि एक दिवस आधी लावलेल्या चार पिशव्या सोबत न्या, सगळा प्रवास एका नजरेत दिसतो.

बियाण्याच्या बाबतीत हयगय नको. कॉलेजच्या फार्मवरचं गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी म्हणजे औषध लावलेलं बी, ते वर्गात नेऊच नका. आदल्या दिवशी शिक्षिकेला शेंगदाणा-सोयाबीनच्या ॲलर्जीबद्दल विचारा. कच्चा राजमा-घेवडा खाल्ल्यास उलट्या होतात, म्हणून शेवटी उरलेलं बी मोजून परत घ्या आणि सगळ्यांना हात धुवायला लावा.

तास संपला की त्याच दिवशी नोंद लिहा: तारीख, शाळा, इयत्ता, मुलं किती, सदस्य किती, तास किती, खर्च किती. वर्षअखेरच्या अहवालाला ती लागते आणि तुमच्या रेझ्युमेलाही. ‘सेवा समितीत होते’ या ओळीवर नोकरी देणारा थांबत नाही. ‘तीन शाळांत सहा तास घेतले, १५० मुलांना अंकुरण शिकवलं, दिलेल्या बजेटमध्ये बसवलं’ ही ओळ वाचली की तो पुढचा प्रश्न विचारतो. आकडे अर्थात तुमच्या नोंदवहीतलेच हवेत.