मुलांसाठी डायनोसॉरचा माहितीपट निवडताना

वाघाच्या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर खरा वाघ असतो. डायनोसॉरच्या माहितीपटात मात्र दिसणारा प्रत्येक प्राणी कृत्रिमरीत्या, बहुधा संगणकावर, घडवलेला असतो, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा फरक आपणहून कळत नाही. म्हणून निवड करताना चित्रे किती हुबेहूब आहेत यापेक्षा, ‘हे आपल्याला कशावरून कळले’ हे माहितीपट सांगतो की नाही, ते मी आधी पाहतो. हाडांवरून आकार कळतो, दातांवरून आहार कळतो, पावलांच्या ठशांवरून चाल कळते. अंगाचा रंग आणि आवाज यांबाबत मात्र बहुतेक वेळा अंदाजच करावा लागतो. हा भेद निवेदनात किंवा सोबतच्या चित्रफितीत उलगडून सांगणारा माहितीपट साधा असला तरी चालेल.

त्यानंतर निर्मितीचे वर्ष पाहावे. चीनमध्ये पिसांचे ठसे असलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरचे वर्णन 1996 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2007 मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसे रुजल्याच्या खुणा आढळल्या. साहजिकच त्याआधीच्या चित्रणात व्हेलोसिरॅप्टर पालीसारख्या उघड्या कातडीचा दिसतो, आणि पुष्कळदा माणसाएवढा उंचही, जरी प्रत्यक्षात तो टर्की पक्ष्याएवढाच होता. बीबीसीची 1999 मधील ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ ही मालिका आजही खिळवून ठेवते, परंतु तिच्यातला लायोप्ल्युरोडॉन 25 मीटर लांब दाखवला आहे आणि खरा प्राणी त्याच्या निम्म्यानेही नव्हता. शिवाय तो डायनोसॉर नसून समुद्री सरीसृप होता. उडणारे टेरोसॉरही डायनोसॉर नव्हेत. जुनी मालिका दाखवूच नये असे नाही. मोठ्या मुलांना तिच्यातल्या चुका शोधायला सांगितल्या तर ती फार आनंदाने शोधतात.

भीतीचा प्रश्न मात्र वयानुसार वेगळा सोडवावा लागतो. ओटीटीवर यू, यू/ए 7+, यू/ए 13+ अशी वर्गवारी दिलेली असते. ती पाहावी, पण तिच्यावरच विसंबू नये, कारण आपले मूल कशाने बिचकते हे त्या चिन्हाला ठाऊक नसते. माझ्या अनुभवात लहान मुले रक्तापेक्षा दोन गोष्टींनी अधिक हादरतात: पिल्लू आईपासून दुरावते तो प्रसंग आणि अशनी कोसळण्याचा शेवट. माझ्या भाचीने असा शेवट पाहिल्यावर कितीतरी रात्री खिडकी बंद करून घेतली होती. तेव्हापासून मी कोणताही भाग आधी स्वतः पाहतो, निदान शेवटची दहा मिनिटे तरी, आणि मुलांसमोर लावताना पार्श्वसंगीताचा आवाज कमी ठेवतो, कारण निम्मी भीती त्या संगीतातच असते. मुंबईतल्या एका खोलीच्या घरात टीव्ही आणि झोपायची जागा एकच असते. तेव्हा शिकारीचा भाग रात्रीच्या जेवणाबरोबर न लावता दुपारी लावावा हे बरे.

बहुतेक चांगल्या मालिकांचे निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत असते. मराठी माध्यमातल्या मुलासाठी ही अडचण आहे खरी, पण ती उपयोगीही पडते, कारण मग शेजारी बसून, अधूनमधून थांबवून आपल्याच शब्दांत सांगावे लागते. अशा थांबण्यात काळाचा हिशेब जरूर करावा. स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, तर टायरॅनोसॉरस 6 कोटी 80 लाख ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे टायरॅनोसॉरस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे. या दोघांची झुंज दाखवणारा कार्यक्रम माहितीपट म्हणून बाजूला ठेवावा.

एवढे सगळे जुळल्यावर, निवडीला वाव असेल तर भारत ज्यात आहे तो भाग निवडावा. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’च्या 2023 मधील दुसऱ्या पर्वात दख्खनच्या ज्वालामुखी प्रदेशात घरटी करणारा आयसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर आहे, आणि ‘हे कशावरून’ सांगणाऱ्या छोट्या पूरक चित्रफितीही या मालिकेला जोडलेल्या आहेत. आयसिसॉरसचे जीवाश्म आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला सापडले. ज्या लाव्हाच्या प्रदेशात तो वावरताना दाखवला आहे, त्याच दख्खनच्या ज्वालामुखी प्रदेशातला, पण त्यानंतरचा, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा, सुळका अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल म्हणून इमारतींच्या गर्दीत उभा आहे. भाग पाहून झाल्यावरच्या रविवारी मुलांना तिथे न्यावे, पायथ्याशी उभे करून खडकाचे उभे खांब दाखवावेत आणि मग वरच्या गावदेवीच्या देवळापर्यंत पायऱ्या चढून जावे. फक्त ऊन तापायच्या आत.