सोलापूरहून गहुंजेला क्रिकेटचा सामना पाहायला जाताना या चुका टाळा

पार्क मैदानावर सामना पाहणे सोलापूरकरांना नवे नाही. जानेवारी २०२४ मध्ये तेथे रणजी करंडकाचे सामने झाले, तेव्हा घरी जेवून निघालेला माणूस थोड्याच वेळात जागेवर जाऊन बसू शकत होता. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय सामना पाहायला जाणे मात्र एक दिवस आणि एका रात्रीचे काम आहे, आणि तेथे होणाऱ्या बहुतेक फजित्यांचे मूळ सोलापुरातल्या तयारीत असते.

पहिली चूक म्हणजे पुणे आले की मैदान आले असे धरून चालणे. सोलापूर ते पुणे हे अंतर साधारण २५० किलोमीटर आहे. पण महामार्गाने हडपसर गाठले, तरी पुढे सारे शहर ओलांडून पिंपरी-चिंचवडच्याही पलीकडे, मुंबईच्या द्रुतगती मार्गालगत जायचे असते. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघणाऱ्यांनी पुणे स्थानकावरून लोणावळा लोकलने देहूरोड किंवा बेगडेवाडी गाठावे आणि तेथून रिक्षा करावी. मात्र लोकलचे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. पुण्यातल्या नातेवाइकाची दुचाकी घेऊन जाणार असाल, तर द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे हे लक्षात ठेवून जुन्या महामार्गानेच जावे.

दुसरी चूक खिशात आणि पिशवीत असते. पाण्याची बाटली, पॉवर बँक, काडेपेटी, अत्तराची कुपी, नाणी, हेल्मेट आणि घरचा डबा यांपैकी बहुतेक वस्तू प्रवेशद्वारावर अडवल्या जातात. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकातील भारत-बांगलादेश सामन्याला आम्ही पाच जण गाडीने गेलो होतो. दाराशी तपासणी सुरू असताना माझ्या मेहुण्यांच्या पँटच्या खिशातून पॉवर बँक निघाली. ती टाकून देणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून मी त्यांच्याबरोबर धुळीच्या वाटेने शेतातल्या वाहनतळापर्यंत परत गेलो आणि पुन्हा येऊन रांगेच्या शेवटी उभा राहिलो. आम्ही जागेवर पोहोचलो तेव्हा नववे षटक होऊन गेले होते. हार्दिक पंड्याला दुखापत झाली आणि त्या षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले, हे आम्हाला शेजारच्या अनोळखी माणसाकडून कळले. कोहलीचे नाबाद शतक आम्ही पुढे डोळे भरून पाहिले, तरीही ते तीन चेंडू मला अजून सलतात. म्हणून निघण्यापूर्वी तिकिटासोबत आलेली मनाई असलेल्या वस्तूंची यादी वाचावी आणि प्रत्येकाने आपले खिसे घरीच रिकामे करावेत. रेल्वेने येणाऱ्यांना सामान पुणे स्थानकाच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते, पण त्यासाठी पिशवीला कुलूप असावे लागते.

तिकिटाबाबत दोनच गोष्टी सांगतो. ऑनलाइन पैसे भरले म्हणजे तिकीट हाती आले असे नेहमीच नसते. काही सामन्यांना छापील तिकीट ठरलेल्या खिडकीवरून आधी घ्यावे लागते, आणि ती खिडकी मैदानावरच असेल असेही नाही. तिकिटाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकू नये, कारण त्यावरील कोडची नक्कल करून दुसराच कोणी आत जाऊ शकतो. तुमचे तिकीट आधीच वापरले गेल्याचे यंत्राने दाखवले, तर रांगेत वाद न घालता ओळखपत्र आणि खरेदीचा संदेश घेऊन मदत कक्षाकडे जावे.

परतीच्या प्रवासातली चूक सर्वांत महाग पडते. सायंकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून सुटणारी हुतात्मा दिवस-रात्रीच्या सामन्यानंतर मिळणे शक्यच नसते. मुंबईहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुण्यात मध्यरात्रीनंतर येते, आणि तारखेचा घोळ नेमका येथेच होतो. सामना १९ तारखेचा असेल, तर पुण्यातून गाडीत बसण्याची तारीख २० असते. आरक्षण करताना १९ तारीख निवडणारा माणूस आदल्या रात्रीच्या गाडीचे तिकीट काढून बसतो आणि स्थानकावर आल्यावरच त्याला ते कळते. तिकिटावर पुणे स्थानकासमोर छापलेली तारीख आणि वेळ दोघांनी वाचून खात्री करून घ्यावी.

मैदानात हजारो फोन एकाच वेळी सुरू असल्याने संपर्क तुटतो. त्यामुळे सामना संपल्यावर कोणत्या क्रमांकाच्या दाराबाहेर, कोणत्या खांबाशी भेटायचे ते आत शिरण्यापूर्वीच ठरवावे. लहान मुलांच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर बरोबर घ्यावी, फक्त ती गाडीतच ठेवावी. मैदानाबाहेरच्या कोंडीतून सुटून भिगवणला पोहोचेपर्यंत रात्रीचे दोन सहज वाजतात, आणि तोवर मागच्या आसनावरच्या सर्वांना कडकडून भूक लागलेली असते.