गोव्याहून मुंबईला बोट आणण्यासाठी कप्तान नेमताना

गोव्यात विकत घेतलेली दहा-अकरा मीटरची शिडाची बोट मुंबईला आणायची असेल, तर सुमारे 230 सागरी मैलांचा प्रवास आहे. ताशी पाच मैलांच्या वेगाने तो न थांबता शेचाळीस तासांचा होतो. कागदावर हे दोन दिवसांचे काम दिसते, पण कप्तानाशी बोलणी करताना मालकाने किमान सात दिवस धरावेत. कारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत या किनाऱ्यावर दुपारचे खारे वारे वायव्येकडून वाहतात आणि उत्तरेकडे निघालेल्या बोटीला ते समोरूनच येतात. जाणता कप्तान पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शक्य तेवढी मजल मारतो, दुपारी लाट वाढली की वेग कमी करतो किंवा जवळच्या बंदराचा आसरा घेतो. म्हणून पहिली तयारी मालकाच्या मनाची आहे: मुंबईत पोहोचण्याची तारीख ठरवून तिचे निमंत्रण कोणालाही देऊ नये. निघायचे कधी, थांबायचे कुठे आणि परत फिरायचे का, हा निर्णय फक्त कप्तानाचा राहील, हे वाक्य करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

माणूस निवडताना प्रमाणपत्र जरूर पाहावे. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे यॉटमास्टर ऑफशोअर किंवा त्या तोडीचे प्रमाणपत्र असलेला कप्तान शिडाच्या बोटीला योग्य ठरतो. केवळ नदी-खाडीपुरता परवाना असणाऱ्याकडे हे काम सोपवू नये. तरीही प्रमाणपत्रापेक्षा एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे कोकण किनाऱ्यावर त्याने रात्रीचा प्रवास किती वेळा केला आहे. मच्छिमारांची जाळी रात्री मैलोगणती पसरलेली असतात, त्यांच्या बोयांवर, म्हणजे तरंगत्या खुणांवर, दिवा असेलच असे नाही, आणि जाळे पंख्यात गुंडाळले की इंजिन जागीच बंद पडते. मालवणभोवतालचे खडक आणि वेंगुर्ल्यासमोरची बेटे अंधारात किती अंतर राखून ओलांडायची, हे त्याच्या तोंडून ऐकावे. उत्तर देताना तो नकाशा मागेल आणि भरती-ओहोटीचे तक्ते उघडेल, तर माणूस बरोबर सापडला असे समजावे. सोबतीला स्थानिक तांडेलाच्या (मासेमारी बोटीच्या प्रमुखाच्या) हाताखाली तयार झालेला एक खलाशी घेण्याचा आग्रह मी नेहमी धरतो, कारण जाळ्यांची रांग कुठून सुरू होते ते त्याला उमगते. मात्र सुकाणाचा अंतिम अधिकार त्याच्याकडे देऊ नये. मासेमारीची बोट जिथून सहज आत शिरते, तिथे खोल कील (तळाखालचा जड कणा) असलेली बोट ओहोटीला रुतते. रात्रीच्या पाळ्या लावायच्या तर बोटीवर एकूण तीन माणसे हवीतच.

आता बोटीकडे वळू, कारण चांगल्या कप्तानाच्या हाती नादुरुस्त बोट देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. महिनोन्‌महिने धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीच्या डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी आणि काळा गाळ साचतो. शांत पाण्यात इंजिन तासभर चालवून पाहिले तरी तो कळत नाही. पहिल्या मोठ्या लाटेने तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. माझ्या एका बोटीचे इंजिन असेच जयगडच्या खाडीच्या तोंडाशी, नेमके ओहोटीच्या ओढीत बंद पडले होते. फिल्टरच्या काचेच्या वाटीत बोटभर उंचीचे गढूळ पाणी दिसत होते, आणि कप्तानाने शीड तयार ठेवले होते म्हणूनच बोट खडकांपासून दूर राहिली. तेव्हापासून टाकी पूर्ण रिकामी करून, आतून पुसून घेतल्याशिवाय मी बोट कोणाच्या ताब्यात दिलेली नाही. सुटे फिल्टर किमान चार, पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारी चक्रे) दोन, इंजिनचे पट्टे आणि तेल बोटीवर असावे. इंजिन तासाला तीन लिटर डिझेल पीत असेल, तर शेचाळीस तासांना एकशे अडतीस लिटर लागतात. त्यावर एक तृतीयांश राखीव धरून एकशे पंच्याऐंशी लिटरची सोय करावी. डोलकाठीच्या तारा, सुकाण, बोटीच्या तळातले पाणी उपसणारा बिल्ज पंप, नांगर व त्याची साखळी कप्तानाने स्वतः तपासावी आणि त्यासाठी त्याला एका पूर्ण दिवसाचे मानधन वेगळे द्यावे.

लाइफजॅकेट, लाइफराफ्ट, संकटात इशारा देणारे फ्लेअर आणि संकटकाळी हाक देण्याच्या चॅनेल 16 वर बोलता येईल असा व्हीएचएफ रेडिओ यांत तडजोड नको. तटरक्षक दलाचा 1554 हा मदत क्रमांक केबिनमध्ये लिहून ठेवावा. परदेशातून आलेल्या कप्तानाला एक गोष्ट आधीच सांगावी: विनापरवाना सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण भारतात बाळगता येत नाही, आणि ते सापडल्यास बोटीसह सर्वजण अडकून पडतात.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रात तपासणी कडक झाली आहे. त्यामुळे नोंदणीचे प्रमाणपत्र, खरेदीखत, कप्तानाच्या नावे मालकाचे अधिकारपत्र, सर्वांची ओळखपत्रे आणि माणसांची यादी एका जलरोधक पिशवीत द्यावी. निघण्यापूर्वी बंदर अधिकाऱ्याला प्रवासाची माहिती द्यावी. विमा कंपनीला कप्तानाचे नाव व मार्ग कळवून लेखी संमती घ्यावी. बहुतेक पॉलिसी ठरावीक हद्दीपुरत्याच असतात.

मानधन दिवसावर ठरवावे, ठोक रकमेवर नव्हे, कारण ठोक रक्कम ठरली की खराब हवेतही निघण्याचा मोह होतो. देवगड किंवा विजयदुर्गला वारा उतरण्याची वाट पाहावी लागली, तर त्या दिवसांचा दर, डिझेल, जेवण, बंदराचे शुल्क आणि परतीचे तिकीट कोणी द्यायचे, हे आधी लिहावे. शेवटचा हप्ता मुंबईत बोट बांधल्यावर द्यावा. त्याआधी कप्तानासोबत लॉगबुक, म्हणजे प्रवासाची नोंदवही, वाचावे, इंजिनचे तास नोंदवावेत आणि वाटेत आढळलेल्या बिघाडांची यादी त्याच्या सहीसह घ्यावी.